भिवातात्यांचा निळा गाल

पासलीच्या शाळेवर माझी नेमणूक झाली तेव्हा भोर संस्थानच्या शाळाखात्यातल्या कारकुनानं मला दोन गोष्टी बजावल्या होत्या. शाळेचं छप्पर गळतं आणि गावात चहाची पूड मिळत नाही. तिसरी गोष्ट, जी खरी सांगायला हवी होती, ती त्या शहाण्यानं सांगितलीच नाही. ती मला पहिल्या रविवारी दाढी करून घ्यायला बसलो तेव्हा कळली. माझ्या नाकापासून चार बोटांवर होती ती.

गावचे न्हावी भिवाजी, म्हणजे लहानथोरांचे भिवातात्या, यांचा अर्धा चेहरा निळा होता. उजव्या बाजूला कपाळापासून निघालेला डाग पापणीवरून, कानशिलावरून खाली गालाच्या हाडापर्यंत उतरला होता. सांडलेली शाई टिपल्यावर कागदावर उरते ना, तसा रंग. त्या बाजूच्या डोळ्याचं पांढरंसुद्धा किंचित राखी होतं. जन्मखूण होती ती. तात्यांना तिचं काही वाटत नसे. "देवानं येका अंगानं रंग द्यायला घेतला आन् त्याला जेवायची हाक आली," एवढंच ते सांगायचे.

आता तात्यांची दाढीची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातूनच घडलं. चावडीच्या पायरीशी गिऱ्हाईक उकिडवं बसायचं आणि तात्या समोर उकिडवे, गुडघ्याला गुडघा लावून. आरसा धोकटीत, म्हणजे तात्यांच्या हत्यारांच्या पिशवीत, असायचा, पण तो काम संपल्यावरच हातात मिळायचा. मधे अर्धा तास हलायचं नाही, बोलायचं नाही, मान वर. बघायला समोर एकच गोष्ट, तात्यांचा गाल. पासलीतला प्रत्येक बाप्या मिसरूड फुटल्यापासून तो गाल आठवड्याला अर्धा तास बघत आलेला. स्वतःच्या बायकोचं तोंड त्यांच्यापैकी कुणी इतकं निरखून पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

आणि तो गाल रंग बदलायचा. हसू नका, मी स्वतः पाहिलंय. थंडी पडली की गडद व्हायचा, तात्या दमले की गडद व्हायचा, एरवी फिका. असे डाग असं करतात हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. पण गावाला डॉक्टरची गरज नव्हती. गाल काळवंडला की पाऊस येतो, हे गावानं कधीच ठरवून टाकलं होतं.

पासली हे भाताचं गाव. कापणीच्या दिवसांत आभाळ फाटलं तर वर्षाचा घास चिखलात जातो. म्हणून दिवाळीच्या सुमाराला रोज सकाळी तात्यांच्या दारात माणसं जमायची, आणि तीही दाढीसाठी नाही.

"तात्या, गाल बघू जरा."

तात्या गंभीरपणे गाल उजेडाकडे करायचे. चार डोकी वाकायची.

"कालच्यापरीस बरा हाय."

"कुठं बरा? कानशिलाकडं बघ की. उद्या झोडणी नगं."

अंदाज चुकायचा का? चुकायचा तर! पण बरोबर आला की ते गालाचं यश असे, आणि चुकला की बघणाऱ्याची नजर अधू. मी एकदा शाळेत मुलांना वारे आणि ढग शिकवायला लागलो, तर तिसरीतल्या एकानं उभं राहून विचारलं, "गुरुजी, मग तात्यांचा गाल खोटा का?" मी तो धडा तिथंच मिटला. मला गावात राहायचं होतं.

एका वर्षी ऐन कापणीत गाल दौतीतल्या शाईसारखा झाला. आबा पाटलांनी, म्हणजे गावच्या मुख्य माणसानं, विळे थांबवले. तीन दिवस सगळं गाव हातावर हात धरून बसलं आणि तिन्ही दिवस लख्ख ऊन पडलं. खालच्या वाडीवाल्यांची कापणी उरकली, वर ते येता-जाता आमच्या उभ्या पिकाकडे बघून खोकायला लागले. चौथ्या दिवशी खरा प्रकार बाहेर आला. तात्यांनी घरातली एकुलती एक धड घोंगडी एका धनगर पाहुण्याला देऊन टाकली होती. त्यावरून त्यांच्या बायकोनं, सगुणाकाकीनं, त्यांना ओसरीवर काढलं होतं. तात्या तीन रात्री पांघरुणाशिवाय कुडकुडत होते आणि गाव त्यांच्या गालात ढग बघत होतं.

आबा पाटील चार जाणती माणसं घेऊन तात्यांच्या घरी गेले. तात्यांशी बोललेच नाहीत. सरळ काकीपुढे उभे राहिले.

"सगुणाबाई, भांडायचं तर शिमग्याला भांडा. आमी काय म्हणणार न्हाई. पर कापणीत नगं."

तेव्हापासून काकीचा गावातला भाव जो वाढला तो वाढलाच. पाण्यावर तिची घागर पहिली लागू लागली. कुणी वाट दिली नाही तर ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "सरकता का घरी जाऊन त्यांना दोन शबुद बोलू? मंग बघा आभाळ कसं येतंय त्ये."

ही मजा पुढेही चालली असती. पण दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीतल्या एका माघात तात्यांचं डोकं दुखायला लागलं. साधं नाही, सकाळी उठल्या उठल्या कपाळ धरून बसण्याइतकं. हळूहळू उजवी पापणी खाली उतरू लागली. दुखण्यानं झोप उडाली, आणि गाल जो काळा झाला तो महिनाभर काळाच राहिला.

आता या गोष्टीचा तुम्ही-आम्ही काय अर्थ लावला असता? पासलीनं लावला तो असा, की माघात न भूतो असा पाऊस येणार. लोकांनी घरं शाकारायला घेतली. आबा पाटलांनी भाताची पोती माळ्यावर चढवली. गोवऱ्या आत गेल्या. वर आभाळ धुतल्यासारखं निळं, कोंबडीच्या पिसाएवढासुद्धा ढग नाही. मी आबांना तसं म्हणालो.

"गुरुजी," आबा माझी कीव करत म्हणाले, "आभाळाला काय कळतंय?"

त्याच आठवड्यात आबांना भोरला कचेरीत जायचं होतं. म्हणून ते आदल्या दिवशी दाढीला बसले. आबांची मिशी हे पासलीचं दुसरं भूषण होतं. दोन्ही टोकं वर वळलेली, तेल लावलेली. मी पायरीवर माझा नंबर धरून बसलो होतो. तात्या नेहमीसारखे हलक्या हातानं वस्तरा चालवत होते, फक्त मान मधूनच तिरकी करत होते. मग वस्तरा वर गेला, सफाईनं एकदा फिरला, आणि आबांच्या मिशीचा डावा अर्धा भाग आबांच्याच मांडीवर येऊन पडला.

आबांनी मांडीवरचं ते वैभव चिमटीत धरून उचललं.

"भिवा, ह्ये काय?"

तात्यांचा चेहरा पांढरा पडला, म्हणजे जेवढा पडू शकत होता तेवढा. "आबा, तुमाला दोन मिशा दिसत व्हत्या. येक वाढीव वाटली."

पायरीवरचे सगळे हसले. मीही हसलो. आज आठवलं की स्वतःची लाज वाटते, कारण त्या माणसाला खरोखरच दोन-दोन दिसत होतं आणि तो आम्हाला ते सांगत होता. आबांनी घरी जाऊन उरलेली बाजूही उतरवली. त्यांच्या कुत्र्यानं त्यांना अंगणात येऊ दिलं नाही म्हणतात.

त्या दिवसापासून तात्यांपुढे कुणी मान वर केली नाही. ज्यांना जमलं ते वेल्ह्याला जाऊन दाढी करून येऊ लागले, बाकीच्यांनी वाढवली. महिन्याभरात पासली म्हणजे ऋषींचा आश्रम दिसू लागला. तात्या मात्र रोज पायरीशी धोकटी उघडून बसत. सकाळी माणसं यायची, वाकायची, गाल बघायची.

"बसा की. दाढी करतो."

"न्हाई तात्या, गालच बघाया आलो व्हतो."

एकदा मी एकटा होतो तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, म्या ह्या गावातला कोण? न्हाई शेत, न्हाई बैल. म्या वस्तरा मानंवर ठिवतो आन् माणूस डोळं मिटतो, त्येवढाच माझा गाव. आता डोळं मिटंना कुणी." मी माझी दाढी पुढे करायला हवी होती, पण माझाही धीर झाला नाही. हे लिहून टाकलेलं बरं.

मग एका सकाळी तात्यांना दारातच भडाभडा ओकारी झाली. भिंतीला टेकून डोळे मिटून ते बसले होते आणि गाल बघायला आलेली माणसं तशीच वाकून बघत होती. "लईच काळा," कुणीतरी म्हणालं, "पूर येणार." सगुणाकाकी आतून केरसुणी घेऊन आली ती सरळ त्यांच्या अंगावर.

"माणूस हाय त्यो, मुडद्यांनो! पंचांग न्हाई!"

गाव चपापलं. मला वाटतं, त्या क्षणापर्यंत हे खरोखरच कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, माझ्यासुद्धा. मी त्याच दिवशी पुण्याला माझ्या मावसभावाला, वसंताला, पत्र लिहिलं. तो एका मोठ्या इस्पितळात शिकाऊ डॉक्टर होता. डोकेदुखी, ओकारी, पडलेली पापणी, दोन-दोन दिसणं आणि डाग, सगळं लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं: एक दिवसही घालवू नका, घेऊन या.

घोंगडीची झोळी करून गावानं तात्यांना वेल्ह्यापर्यंत खांद्यावर नेलं. पहिला खांदा आबा पाटलांचा होता, हे मी मुद्दाम सांगतो. वेल्ह्याहून बैलगाडीनं नसरापूर आणि तिथून पुण्याची सर्व्हिस मोटार. मोटारीत तात्यांना आणि काकीला बसवल्यावर आबांनी मला बाजूला घेतलं. डोळे भरून आले होते त्यांचे.

"गुरुजी, भिवा वाचंल ना?"

"बघू या, आबा."

"आन्..." ते घुटमळले. "डाक्तर त्यो डाग बी खरवडून काढत्याल का? न्हाई, भाताचं काय करायचं म्हून इचारतो."

लढाईमुळे पुण्यात तेव्हा एक गोरा सर्जन आला होता, गोळी लागलेली डोकी उघडण्यात हातखंडा असलेला. वसंतानं त्याच्या हातापाया पडून तात्यांना दाखवलं. साहेब म्हणाला, डोक्यात उजव्या बाजूला काहीतरी वाढतंय आणि ते डोळ्याच्या नसा दाबतंय. कवटी उघडावी लागेल.

तात्यांनी याला बिनतक्रार होकार दिला. तक्रार केली ती शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, डोकं भादरायला वॉर्डातला माणूस आला तेव्हा. तात्यांनी त्याचा वस्तरा मागून घेतला, एका डोळ्यावर हात ठेवून दुसऱ्यानं धार बघितली आणि परत दिला. "ह्यानं कांदं सोला." मग काकीला सांगून आपली धोकटी उघडवली, आपला वस्तरा आपल्या पट्ट्यावर परजला, त्या बिचाऱ्याला समोर उकिडवं बसवलं आणि गुडघ्याला गुडघा लावून त्याच्याकडून आपलं डोकं करून घेतलं. "आदी पाणी जिरू दे. दाबू नगंस. केसाच्या वळणानं जा." सगळा वॉर्ड उठून बघत होता. शेवटी तो माणूस तात्यांच्या पाया पडला म्हणतात, सुटल्याच्या आनंदात पडला असेल.

त्या काळी अशा शस्त्रक्रियेत पुष्कळदा रोगी जागाच ठेवत, फक्त डोक्याची कातडी बधिर करत. वसंता मदतीला उभा होता, त्यामुळे पुढचं त्याच्याच तोंडचं. कवटीला भोकं पाडताना भलेभले किंचाळतात. तात्या पाच मिनिटं गप्प होते, मग चादरीखालून आवाज आला.

"दादा, साहेबाला म्हणावं, हात हालका हाय. न्हाव्याच्या घरात शोभला असता."

वसंतानं भीतभीत इंग्रजी करून सांगितलं. साहेब थांबला आणि हसला. म्हणाला, "त्यांना सांग, आमच्या देशात पूर्वी हे काम न्हावीच करायचे."

"तवाच!" चादरीखालून आलं.

मग साहेबानं मेंदूवरचं आवरण उघडलं. आत एक गाठ होती, सुपारीहून मोठी, आणि ती काळी होती. रक्तानं काळी नव्हे, मुळातच काळी, डांबरासारखी. आजूबाजूच्या आवरणावरही काळे शिंतोडे. साहेबानं शेकडो डोकी उघडली होती, पण असं काही त्यानं फक्त वाचलं होतं. त्यानं चादर थोडी उचलून तात्यांचा निळा गाल पाहिला, पुन्हा आत पाहिलं, आणि म्हणाला की ही दोन्ही एकाच घरातली दिसतात. कातडीला रंग देणारे कण आईच्या पोटातच वाट चुकले असावेत, काही गालात खोल रुतले, काही थेट मेंदूच्या आवरणात जाऊन बसले. बाहेरचे आयुष्यभर निमूट राहिले, आतल्यांनी या वयात वाढायचं मनावर घेतलं.

बरीचशी गाठ निघाली. एका मोठ्या शिरेला चिकटलेला थोडा भाग साहेबानं तसाच ठेवला. ही जात सावकाश वाढणारी दिसते, पण पुन्हा डोकं वर काढणारच नाही असं सांगता येत नाही, असं त्यानं वसंताला सांगितलं, आणि वसंतानं काकीला. तात्यांना कुणी सांगितलं नाही.

पापणी तीन आठवड्यांत बरीच वर आली. दोनाचं एक दिसू लागलं. निघायच्या दिवशी तात्या धोकटी घेऊन साहेबाच्या खोलीपुढे जाऊन बसले. धंद्याचा रिवाज असा, की न्हावी न्हाव्याचं डोकं फुकट करतो आणि त्याची परतफेड हातानंच करतो. साहेबानं तात्यांचं डोकं केलं होतं, आता तात्यांना साहेबाची दाढी करायची होती. साहेबानं सगळं ऐकून घेतलं, आपल्या गळ्यावरून हात फिरवला, फार गोड हसला आणि आत निघून गेला.

"त्यानं माझं डोकं उघडलं," तात्या मोटारीत म्हणाले, "आन् म्या त्याची दाढी बी न्हाई करायची?"

गावानं तात्यांचं स्वागत जोरात केलं. गाल शाबूत आहे हे बघून तर आबा पाटलांनी नारळ फोडला. पण मान कुणी पुढे केली नाही. तात्यांनी सोललेला भोपळा वाटावा इतकी आपली दाढी आपणच गुळगुळीत करून दाखवली. उपयोग झाला नाही. लोक आपले मानानं म्हशी भादरायला बोलवायचे. तात्यांनी चार म्हशी भादरल्या, अशा की म्हशींनाही आरसा दाखवावा. पाचवीला मात्र वस्तरा मिटला. "म्हस डोळं मिटत न्हाई," म्हणाले आणि घरी गेले.

आणि याच सुमाराला माझी भोंगवलीला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी आबा पाटलांच्या नातवाचं जावळ होतं. त्यांची लेक तारा बाळंतपणाला आली होती ती अजून माहेरीच होती. सहा महिन्यांचं पोर मामाच्या मांडीवर, आणि जावळ काढायला वेल्ह्याहून बोलावलेला तरणा न्हावी. तात्या आणि काकी इतर गावासारखे बाजूला बसले होते. धोकटी तात्यांच्या मांडीवर होती, बंद.

पोरानं वस्तरा टेकताच टाहो फोडला. "घट्ट धरा!" वेल्हेकर ओरडला. मामानं घट्ट धरलं. पोर अजूनच तडफडू लागलं.

"टाळूवर दाबू नगंस," तात्या बसल्या जागेवरून म्हणाले. "त्याला आतनं कळतंय."

"तुमाला काय ठावं?" वेल्हेकर चिडला.

तात्यांनी डोक्याचं फडकं सोडलं. साहेबानं कानशिलाच्या वर हाडाचा तुकडा परत बसवला नव्हता. तिथं नुसती कातडी होती, आणि ती नाडीबरोबर वरखाली होत होती. अंगणातली सगळी माणसं बघत राहिली. तारानं पोराला भावाच्या मांडीवरून काखेत घेतलं, तात्यांपुढे येऊन वाकली आणि तिनं दोन बोटं हलकेच त्या जागी ठेवली. मग तीच दोन बोटं पोराच्या टाळूवर ठेवली.

"तात्या, हितं वस्तरा फिरला तवा दुखलं व्हतं?"

"दुखत न्हाई पोरी. भ्या वाटतं. धरणाऱ्याला भ्या वाटतंय का, त्ये बी आतनं कळतं."

तारानं बापाकडे पाहिलं नाही, भावाकडे पाहिलं नाही. ती तात्यांसमोर मांडी घालून बसली आणि पोराचं डोकं तिनं तात्यांकडे केलं. आबा पाटलांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि डोळेही मिटून घेतले.

तात्यांनी आधी पाणी जिरू दिलं. बोटांनीच, किती वेळ. पोर हुंदके देत देत गप्प झालं आणि समोरच्या निळ्या गालाकडे टक लावून बघू लागलं. मग वस्तरा निघाला. कपाळापासून मागे, केसांच्या वळणानं, टाळूच्या कडेनं आणि शेवटी टाळूवरून. सगळं जावळ उतरलं तेव्हा पोर झोपलं होतं आणि त्या डोक्यावर कुठं लाल रेघ नव्हती.

मग एकच गलका झाला. आबा डोळे पुसत ओरडत होते, बायका पोराला हळद-कुंकू लावत होत्या, वेल्हेकर आपली धोकटी बांधत होता. तात्यांनी वस्तरा पुसला, मिटला, आत ठेवला. मी निरोप घ्यायला अगदी जवळ गेलो होतो म्हणून मला दिसलं. त्यांचा वस्तऱ्याचा हात थरथरायला लागला होता, मनगटापासून, थांबवता न येण्यासारखा. काकीनं इकडे-तिकडे पाहिलं, तो हात आपल्या पदराखाली ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. वर मोठ्यानं म्हणाली, "काय बघताय? व्हा रांगेत! किती दिसांच्या दाढ्या त्या!"

खरंच रांग लागली. "जरा पाणी पिऊ द्या त्यांना," म्हणत काकी हात तसाच धरून बसली होती, आणि तात्या गावाकडे बघून हसत होते. मी दुसऱ्या दिवशी भोंगवलीला गेलो. त्या हाताबद्दल मी पासलीत कुणालाही बोललो नाही.